मलप्रभा आणि मार्कंडेयच्या खोऱ्यांत कच्च्या वाटांवर सायकल: नवख्यांसाठी मार्गदर्शन

बेळगावहून सायकल घेऊन बाहेर पडणारा नवखा माणूस बहुधा दोनच रस्त्यांना लागतो. एक खानापूर-लोंढ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि दुसरा जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता. हे दोन्ही रस्ते गोव्याच्या वाहतुकीचे आहेत. आठवडाभर मालवाहू ट्रक आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारी असतात, त्यामुळे सायकलस्वाराला बराचसा वेळ साइडपट्टीवर अंग चोरून काढावा लागतो. वास्तविक याच दोन रस्त्यांच्या मधल्या आणि भोवतालच्या पट्ट्यात गावागावांना जोडणाऱ्या पाणंदी, मुरमाचे रस्ते, नदीकाठच्या गाडीवाटा आणि बंधाऱ्यांवरून पलीकडे जाणाऱ्या पायवाटा यांचे दाट जाळे आहे आणि त्यांवर तासभर सायकल चालवली तरी एखाददुसऱ्या दुचाकीपलीकडे काही भेटत नाही. डांबरी रस्त्यावर 25-30 किलोमीटर सायकल चालवण्याची सवय झालेल्या आणि आता डांबर सोडू पाहणाऱ्या वाचकासाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्यातील मुख्य सूत्र असे की, या भागात वाट ठरवताना आधी माती पाहावी, मग पाणी पाहावे आणि पल्ला किती हे सर्वांत शेवटी ठरवावे.

माती कोणती, हंगाम कोणता

बेळगाव शहर साधारण 750 मीटर उंचीवर, दोन प्रकारच्या जमिनींच्या सीमेवर वसलेले आहे. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे, म्हणजे राकसकोप, जांबोटी, खानापूर, नंदगड या बाजूला तांबडी माती आणि जांभा दगड आहे, तर शहराच्या दक्षिणेचे वडगाव-येळ्ळूर शिवार आणि पूर्वेकडचा बराचसा मुलूख काळ्या जमिनीचा आहे. तांबडी माती पाण्याचा निचरा लवकर करते. पाऊस थांबून एक-दोन दिवस ऊन पडले की तिच्यावरून सायकल जाऊ शकते. काळी माती मात्र वरून सुकलेली दिसली तरी आत ओली राहते, टायरला थर चढत जातो, तो फोर्क आणि ब्रेकमध्ये दाटून बसतो आणि शंभर पावलांच्या आत चाक फिरायचे थांबते. अशा वेळी जोर लावून पेडल मारल्यास डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, मोडण्याचा धोका असतो. त्यामुळे चाक जड वाटू लागताच खाली उतरून काडीने माती खरवडावी आणि आल्या वाटेने परतावे. येळ्ळूर शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो आणि पावसाळ्यात त्याचे पाणी आजूबाजूच्या भातशेतीत शिरते, म्हणून त्या बाजूच्या पाणंदी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाळाव्यात.

पावसाचा फरकही ध्यानात घ्यावा. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून अवघ्या काही तासांच्या सायकलप्रवासावर असलेल्या कणकुंबी आणि आमगाव परिसरात तो याच्या कित्येक पट असतो. शहरात ऊन पडले आहे म्हणून जांबोटीच्या पुढे वाट कोरडी असेल, असे धरून चालू नये. जून ते सप्टेंबर या काळात नवख्याने कच्च्या वाटांचा नाद सोडून गावांचे डांबरी रस्ते धरावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पण या काळाची एक अडचण बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एरवी रिकाम्या असणाऱ्या शिवारातल्या रस्त्यांवरही येतात. अरुंद पाणंदीत ट्रॅक्टर समोर आला तर त्याला थांबता येत नाही आणि मागेही घेता येत नाही, म्हणून सायकल आपणच उचलून बांधावर घ्यावी. उसाचा पट्टा आणि भात-रताळ्याचा पट्टा वेगळा ओळखता आला तर ही कटकट टळते. साधारणपणे पश्चिमेकडे डोंगर जवळ येईल तसा ऊस कमी होत जातो आणि भात, नाचणी, काजू वाढत जातात. मार्चनंतर ऊन चढते, धूळ होते आणि डोंगरांना वणवे लागतात. तेव्हा सकाळी नऊच्या आत घरी परतण्याच्या बेतानेच निघावे.

नदी कोठून कोठे जाते, हे आधी पाहावे

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, हब्बनहट्टी आणि खानापूरवरून पूर्वेला जाते आणि 304 किलोमीटरचा प्रवास करून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते. मार्कंडेय नदी बैलूरच्या डोंगरातून निघते, राकसकोपच्या जलाशयातून पुढे शहराच्या उत्तर अंगाने वाहते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पूर्ववाहिनी नद्यांचे खोरे उथळ आणि पसरट आहे, त्यामुळे काठाकाठाने जाणाऱ्या वाटांवर चढउतार असले तरी ते लहान लहान असतात. म्हादईच्या बाजूला उतरणारी वाट मात्र एकदम दरीत जाते, तेथून परत यायला तेवढाच चढ चढावा लागतो आणि वर दाट जंगल असते. नवख्याने पाणलोटाची ही रेषा ओलांडून पश्चिमेला उतरू नये.

घरी बसून वाट आखताना उपग्रहावरून घेतलेले चित्र पाहणे हे सर्वांत उपयोगी काम आहे. नकाशावर तुटक रेषेने दाखवलेली वाट नदीपाशी संपते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होते, असे या भागात वारंवार दिसते. तेथे बंधारा आहे की नुसता उतार आहे, हे चित्रात स्पष्ट दिसते. बंधारा असेल तर पाण्यावर आडवी सरळ रेषा आणि वरच्या अंगाला फुगलेले पाणी दिसते. जमीन वनखात्याची आहे का, हे जाणण्यासाठी कर्नाटक शासनाचे दिशांक हे मोबाइल ॲप कामाला येते, कारण त्यात उभ्या जागेचा सर्व्हे क्रमांक आणि गावाची हद्द कळते. आखलेली वाट फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्यावी, कारण कणकुंबीच्या बाजूला फोनची रेंज मिळेलच असे नाही. गावांची नावे नकाशावर कन्नड वळणाने आणि लोकांच्या तोंडी मराठी वळणाने असतात. वाट विचारताना पुढच्या गावाचे नाव घेण्याऐवजी तिथल्या देवळाचे किंवा बंधाऱ्याचे नाव घेतल्यास उत्तर लवकर मिळते. खानापूरच्या पश्चिमेला मराठी सर्वत्र चालते, पूर्वेला सरकत गेल्यास कन्नड बोलण्याची तयारी ठेवावी.

वेळेचा अंदाज बांधताना डांबरी रस्त्यावरचा वेग विसरावा. मुरमाच्या चढउतारावर नवख्याची सरासरी ताशी 10 ते 12 किलोमीटर पडते, म्हणून पहिल्या काही वेळा 30 किलोमीटरच्या आतली आणि एकूण चढ 300-400 मीटरपेक्षा कमी असलेली वाट निवडावी. डिसेंबरात सहानंतर अंधारू लागते, तेव्हा चारच्या सुमारास डांबरी रस्त्याला लागलेले असावे.

सायकल आणि सामान

यासाठी नवी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली सायकल, घेण्याची घाई करू नये. घरी असलेली एमटीबी (डोंगरी सायकल) किंवा 38 मिलिमीटरहून रुंद टायर बसणारी हायब्रिड पुरेशी आहे. सायकलपेक्षा टायर आणि त्यातली हवा यांवर जास्त लक्ष द्यावे. साधारण 70 किलो वजनाच्या माणसाने 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये 35 ते 40 पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवावी, तर दोन इंची टायरला 25 ते 30 पुरते. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय जास्त ठेवावी, नाहीतर जांभ्याच्या धारदार कडेवर ट्यूब चिमटते. डांबरी रस्त्याच्या सवयीने टायर टणक फुगवून आलेला माणूस पहिल्या पाच किलोमीटरांतच हात बधिर झाल्याची तक्रार करू लागतो. गिअरच्या बाबतीत पुढच्या लहान चकतीचे दात मागच्या मोठ्या चकतीच्या दातांइतके किंवा त्याहून कमी असावेत, म्हणजे सैल मुरमाच्या चढावर बसून पेडल मारता येते.

सोबत दोन ट्यूब, पॅच, पंप, चेनची जोडकडी आणि षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा असावा. प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा वॉल्व्ह असलेल्या सायकलींसाठी आणखी एक छोटी वस्तू लागते, ती म्हणजे पितळी अडॅप्टर. खेड्यातल्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर असतो, माणूसही मदतीला तत्पर असतो, पण त्याच्या नळीचे तोंड प्रेस्टावर बसत नाही. खिशात मावणारा हा तुकडा नसल्यामुळे लोकांना टेम्पोत सायकल घालून परतावे लागते. पाणी किमान तीन लिटर न्यावे. गावातली चहाची टपरी दुपारी बंद असू शकते, म्हणून शेंगदाण्याची चिक्की, केळी असे काहीतरी जवळ ठेवावे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत आपत्कालीन मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक चालतात. सीमा अशी नागमोडी आहे की सकाळच्या फेरीत आपण नकळत कोल्हापूर जिल्ह्यात जाऊन येतो, त्यामुळे हे माहीत असलेले बरे.

चालवण्याची रीत

जांभ्याच्या उघड्या सड्यावर सुट्या गोल खड्यांचा थर असतो आणि त्यावरून उतरताना चाक गोट्यांवर पाय पडावा तसे सरकते. उताराच्या आधीच वेग कमी करावा, वळणात शिरण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यावा, पेडल आडवे ठेवून शरीर थोडे मागे न्यावे आणि पुढचा ब्रेक अचानक दाबू नये. चढावर उभे राहून जोर लावल्यास मागचे चाक जागीच फिरते. तेथे बसूनच, हलक्या गिअरमध्ये, सावकाश चढावे. दम लागला तर उतरून ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही.

बंधारा ओलांडणे हा या वाटांवरचा सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत जपून करण्याचा भाग आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपल्यावर दगडी खांबांच्या खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढतात. त्यामुळे डिसेंबरात वरच्या अंगाला काठोकाठ पाणी आणि खालच्या अंगाला उघडे खडक, असे दृश्य असते. बरग्यांच्या फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडत असतात आणि जिथे त्या वरच्या स्लॅबवर पडतात तिथे शेवाळ धरते. स्लॅब कोरडा वाटला तरी मधले दोन-तीन गाळे ओले असतात, बऱ्याच ठिकाणी कठडाही नसतो. म्हणून बंधाऱ्यावर सायकलवरून उतरावे, सायकल पाण्याच्या खोल बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला राहून चालत न्यावे आणि बुटांखाली क्लीट (पेडलला अडकणारे टणक तुकडे) असतील तर विशेष जपावे. स्लॅबवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे असले तरी ओलांडू नये. बरगे नुकतेच काढले असतील तर पाण्याचा जोर अंदाजाबाहेर असतो.

सुगीच्या दिवसांत गावाजवळच्या रस्त्यावर भात वाळत घातलेले असते. त्यावरून चाक घालणे हा थेट माणसाच्या ताटावर पाय देण्याचा प्रकार आहे. उतरून कडेने जावे. शेताचे कवाड उघडून आत गेल्यास ते जसे होते तसे लावावे. रानडुकरांसाठी शेताच्या कडेने लावलेल्या तारेला, ती बंद दिसली तरी, हात किंवा सायकल टेकवू नये. धनगरांच्या कळपाबरोबरचे कुत्रे सायकलच्या मागे धावतात. अशा वेळी वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरावी आणि मेंढक्याला "मामा, कुत्र्याला हाक द्या जरा" अशी साद घालावी.

जंगलाच्या हद्दीत

खानापूर तालुक्याच्या नैर्ऋत्येला भीमगड अभयारण्य आहे. 2011 साली घोषित झालेले सुमारे 190 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र बारापेडे गुहेतील दुर्मीळ वटवाघळांसाठी प्रसिद्ध आहे. अभयारण्यातल्या वाटा नकाशावर फार मोहक दिसतात, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांवर जाऊ नये. हद्दीबाहेरच्या जंगलातही गवे आणि अस्वले आहेत, खानापूर तालुक्यात अस्वलाने माणसांवर हल्ला केल्याच्या घटना घडतात आणि नागरगाळी-लोंढ्याच्या बाजूला हत्तीही येतात. पहाटे आणि संध्याकाळी जंगलाच्या कडेची वाट टाळावी, दोघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये आणि आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी. गवा वाटेत उभा असेल तर तो बाजूला होईपर्यंत लांबच थांबावे.

गोचिडांची गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि हा रोग गोचिडांमार्फत पसरतो. डिसेंबर ते मे या काळात जंगलालगतच्या गवतात बसू नये, पायमोजे लांब घालावेत, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवावे. सायकलफेरीनंतर ताप आल्यास डॉक्टरांना आपण कोठे गेलो होतो, हे सांगावे.

कोणत्या वाटेने सुरुवात करावी

पहिल्यांदा येळ्ळूर, राजहंसगड, नंदिहळ्ळी आणि देसूर असा फेरा धरावा. येथे नदी नाही, पण भातशेतीतल्या पाणंदी आणि गडाच्या पायथ्याचा तांबडा मुरूम असे दोन्ही प्रकार एकाच सकाळी अनुभवता येतात. सायकल बिघडली तर डांबरी रस्ता नेहमी जवळ असतो. गडावर जाणारा रस्ता डांबरी असला तरी चांगलाच उभा आहे. पहिल्या वेळी वर जाण्याचा हट्ट नसला तरी चालेल.

त्यानंतर राकसकोप. बेळगुंदीच्या बाजूने जावे आणि बिजगर्णीच्या बाजूने परतावे, म्हणजे मार्कंडेयचे वरचे खोरे दोन्ही अंगांनी पाहून होते. शहराला पाणी पुरवणारा हा जलाशय 2475 फुटांच्या पातळीला भरतो आणि बेळगावकरांना हा आकडा दर जुलैत वर्तमानपत्रातून पाठ होतो. पाणी पिण्याचे आहे, म्हणून जलाशयात उतरू नये, सायकलही धुऊ नये. पाणी ओसरल्यावर काठावर उघडी पडणारी गाळाची जमीन सपाट आणि आकर्षक दिसते, परंतु ती वरूनच सुकलेली असते.

तिसरा टप्पा खानापूरचा, आणि माझ्या लेखी तो सर्वांत समृद्ध आहे. बेळगावहून खानापूर सुमारे 25 किलोमीटर आहे. महामार्गाने सायकलवर जाण्यापेक्षा रेल्वेने किंवा टेम्पोने जावे. रेल्वेत सायकल लगेज म्हणून नोंदवावी लागते, त्यासाठी गाडीच्या वेळेआधी पुरेसे लवकर स्थानकात पोहोचावे. खानापुराहून जवळच असोगा आहे, तेथे मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचे देऊळ आहे. नदीकाठच्या वाटांची सवय करण्यासाठी खानापूर ते असोगा आणि आसपासच्या शिवारातला फेरा उत्तम. पाय तयार झाल्यावर नंदगडमार्गे हलशीला जावे. संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 रोजी नंदगडला फाशी दिली, त्याची समाधी तेथे आहे. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी, तिथले भूवराह नरसिंहाचे देऊळ बाराव्या शतकातले आहे. देवळाच्या आवारात सावली असते आणि दुपारचा डबा खायला याहून चांगली जागा या तालुक्यात क्वचितच सापडेल. जाताना मुख्य रस्ता आणि परतताना शिवारातला रस्ता असा क्रम ठेवल्यास उशीर झाल्यावर अनोळखी वाट समोर उरते, म्हणून उलट करावे: सकाळी ताज्या दमाने कच्ची वाट आणि दुपारनंतर डांबर.

जांबोटी, हब्बनहट्टी आणि कणकुंबी यांना शेवटी हात घालावा. हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रालगत स्वयंभू मारुतीचे देऊळ आहे आणि जांबोटीपासून तेथवरचा पट्टा नवख्यालाही जमतो. त्यापुढे कणकुंबीपर्यंत चढ वाढतो, जंगल जवळ येते, आणि चोर्ल्याच्या रस्त्याला काही अंतर तरी टाळता येत नाही. तो भाग रविवारी करू नये, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर करावा.

चढउतार अजिबात नको असणाऱ्यांसाठी, किंवा घरातल्या मुलांना बरोबर न्यायचे असल्यास, गोकाक भागातले घटप्रभेच्या कालव्याकाठचे सेवारस्ते आहेत. कालवा उताराच्या हिशेबाने काढलेला असल्यामुळे त्याच्या कडेचा रस्ताही जवळजवळ सपाट असतो. मात्र कालव्याचे काठ सरळसोट असतात आणि आत पडल्यास बाहेर निघायला धर मिळत नाही, म्हणून मुलांना पाण्याच्या विरुद्ध बाजूने चालवावे. फाटक लावलेले असल्यास ते ओलांडून जाऊ नये.

घरी परतल्यावर सायकल वाळली की आधी कोरड्या ब्रशने तांबडी धूळ झाडावी आणि मगच पाणी घ्यावे. प्रेशरने पाणी मारल्यास ती बारीक धूळ बेअरिंगमध्ये घुसते. चेन पुसून तिला कोरड्या हवेसाठीचे चेनचे तेल थेंबाथेंबाने द्यावे, उरलेले तेल फडक्याने टिपून घ्यावे, ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढावेत आणि टायर बोटांनी चाचपून त्यात अडकलेला काटा शोधावा, कारण बाभळीचा मोडलेला काटा त्या दिवशी दगा न देता पुढच्या फेरीत हवा काढतो.